अर्ध्या शेपटीची पाल

निधीनं चौथं वाक्य खोडलं. मग पाचवं. सहाव्यावर लाल पेनचं टोक टेकवून तिनं मान वर केली.

"हे कशा..."

"...वरूऽऽन?" सतरंजीवर बसलेली नऊ मुलं एका सुरात ओरडली आणि हसत एकमेकांच्या अंगावर पडली.

दूर तमिळ मुलखात, अडयारमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरायचा. एरवी तो जयवंतीकाकू घ्यायच्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या मार्चमध्ये नाशिकला गेल्या आणि जाताना वर्ग निधीच्या हातात देऊन गेल्या. "गोष्टी सांग, गाणी म्हण, सहा रविवार काढ कसेतरी," एवढंच सांगितलं होतं त्यांनी. पण कसेतरी काढायला निधी काही तयार नव्हती. ती आता अकरावीत जाणार होती. दोन वर्षांपूर्वी वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा आणि मागच्या बाकावरच्या मुली तिला 'म्यूट' म्हणायच्या. मग एका सरांनी तिला धरून वादविवाद स्पर्धेत उभं केलं, एकच युक्ती शिकवून: समोरचा काहीही बोलला की पुरावा विचारायचा. तिनं विचारला. समोरचा मुलगा गडबडला, टाळ्या पडल्या, आणि त्या दिवसापासून निधीचा आवाज सुटला तो सुटलाच. घरी आईसुद्धा म्हणायची, "अगं, भाजीत मीठ कमी आहे म्हटलं मी, त्याला पुरावा काय देऊ?"

तर गोष्टी नाहीत, गाणी नाहीत. एक मे जवळ आला होता, आणि महाराष्ट्र दिनाला मंडळात मुलांचं भित्तिपत्रक लागायचं. निधीनं ठरवलं, प्रत्येकानं एका प्राण्यावर माहिती लिहायची. खरी माहिती. 'मला खूप आवडतो' वगैरे काही नको. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे माहिती, उजवीकडे 'कशावरून'. पुस्तकात वाचलं तर पुस्तकाचं नाव लिहायचं, स्वतः पाहिलं तर 'स्वतः पाहिले'. उजवीकडची जागा रिकामी राहिली की वाक्य गेलं.

"अथर्व, 'हत्तीला राग आला की तो ट्रक उलटवतो.' कशावरून?"

"यूट्यूब."

"कुठला हत्ती? कुठला ट्रक?"

अथर्वनं विचार केला. "तमिळ हत्ती होता अक्का. ट्रकचं माहीत नाही."

मुलं पुन्हा लोळली. अथर्वचे बाबा निधीच्या बाबांबरोबरच ओरगडमच्या कारखान्यात होते, ट्रकच्याच. निधीलाही हसू आलं, पण तिनं वाक्य खोडलं. नियम म्हणजे नियम.

आणि आता तिच्या हातात हरिप्रियाची वही होती.

हरिप्रिया आठ वर्षांची. तंजावरकडच्या मराठी घरातली. मराठी बोलायची ती तमिळचा हेल काढून, आणि मधूनच एखादा शब्द असा टाकायची की निधीला वाटायचं, हा कुठल्यातरी जुन्या पोथीतून उडी मारून आला. बाकीच्या मुलांनी शार्क, वाघ, डायनोसॉर घेतले होते. हिनं घेतली पाल. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'आमच्या घरी एक पल्ली आहे. तिला मराठीत पाल म्हणतात. तिची शेपटी अर्धी आहे. ती आजोबांच्या फोटोच्या मागे राहते. संध्याकाळी आजी दिवा लावते आणि आजोबांना दिवसभरचं सगळं सांगते. मग पाल तीनदा बोलते. आजी म्हणते, आजोबा हं हं हं म्हणाले. आजोबा होते तेव्हा पण एवढंच बोलायचे.'

उजवीकडे, प्रत्येक वाक्यासमोर, न कंटाळता लिहिलं होतं: 'स्वतः पाहिले. स्वतः पाहिले. स्वतः ऐकले.'

"पाल बोलत नाही, हरिप्रिया. चुकचुकते."

"हो अक्का."

"ती चुकचुकली हे तू ऐकलंस. बरोबर. पण आजोबा हं म्हणाले, हे कशावरून?"

हरिप्रियानं फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. "आजी म्हणते."

"आजी म्हणते हा पुरावा नाही ना."

"भूऽऽत!" अथर्व हळूच म्हणाला. "पालीत आजोबांचं भूत!"

हॉलभर भूत-भूत झालं. हरिप्रियाचे कान लाल झाले. निधीनं टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि ती तिच्याजवळ खाली बसली. तिला स्वतःचे हजेरीचे दिवस आठवले. या पोरीला आपण उभं करायचं, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मग दोघींनी मिळून निधीच्या फोनवर पालीची माहिती शोधली. पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते, हे वाचून हरिप्रियानं आपली जीभ बाहेर काढून नाकापर्यंत नेऊन पाहिली. दोघी हसल्या. आजोबांची वाक्यं गेली, अर्ध्या शेपटीच्या जागी 'पालीची शेपटी तुटली तरी पुन्हा उगवते' असं आलं. आणि अगदी शेवटी, निबंधाला शेवट हवा म्हणून, निधीनं एक वाक्य स्वतः सांगितलं.

"लिही. 'पालीच्या आवाजाला काही अर्थ असतो असे काही लोक मानतात.' पूर्णविराम. 'परंतु ते खरे नाही.'"

हरिप्रियाची पेन्सिल 'परंतु'वर थांबली.

"काय गं?"

"काही नाही, अक्का," म्हणाली आणि लिहिलं तिनं.

पुढच्या तीन रविवारी निधीनं तिला मोठ्यानं वाचायला शिकवलं. पूर्णविरामाला थांबायचं, मनात दोन मोजायचे, समोर बघायचं, मग पुढचं वाक्य. हरिप्रियाचा आवाज आधी पेन्सिलीच्या टोकाएवढा होता. तिसऱ्या रविवारी तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचला. मंचावरून वाचायला एकच निबंध निवडायचा होता. निधीला फार विचार करावा लागला नाही.

एक मेला हॉल भरला होता. पंखे गरगरत होते आणि तरीही सगळे कागदांनी वारा घेत होते. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हरिप्रियाची आजी बसली होती. सरोजाबाई. नातीचा हात धरून रिक्षातून उतरल्या तेव्हाच त्यांनी निधीला गाठलं होतं.

"तूच गं निधी? घरांत दिवसभर तुझेंच नांव. निधी अक्का असें म्हणाली, निधी अक्का तसें म्हणाली." त्या बुटक्या होत्या, चष्म्याच्या वरून बघायच्या. "आमची पल्ली आज स्टेजवर चढणार म्हणे."

"हो आजी! सगळ्यांत छान लिहिलंय तिनं."

"मज अजून वाचूं दिलें नाहीं. तिथेंच ऐक म्हणाली." मग आवाज खाली आणून, जराशा लाजून, त्यांनी विचारलं, "त्यांचें नांव आहे ना गं त्यांत? सेतुमाधव. पुरतें नांव घातलें आहे की नुस्तें आजोबा?"

निधीला कुणीतरी माइककडून हाक मारत होतं. "तुम्ही ऐकाच आजी," असं म्हणून ती पळाली.

हरिप्रियानं वाचलं. पूर्णविरामाला थांबली, दोन मोजले, समोर पाहिलं. जिभेनं डोळे पुसण्यापाशी लोक हसले, शेपटीपाशी एका काकांनी 'वा' म्हटलं. निधी मंचाच्या पायरीवर उभी राहून ओठांनी प्रत्येक शब्द तिच्याबरोबर म्हणत होती.

"पालीच्या आवाजाला काही अर्थ असतो असे काही लोक मानतात." एक, दोन. "परंतु ते खरे नाही."

टाळ्या. निधीनं अभिमानानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. सरोजाबाई अजून मंचाकडे बघत होत्या, पुढचं वाक्य यायचं असल्यासारख्या. शेजारच्या बाईंनी त्यांना कोपरानं डिवचून काहीतरी म्हटलं, तेव्हा त्यांनीही हात वर घेऊन टाळ्या वाजवल्या. तोपर्यंत बाकीच्यांच्या थांबल्या होत्या.

जाताना त्या निधीला म्हणाल्या, "आवाज छान लागला पोरीचा. चांगलें शिकवलीस." दोन पावलं जाऊन पुन्हा वळल्या. "ती मात्र आमची नव्हे हो. आमचीची शेपटी उगवली नाहीं. अर्धीच आहे."

"हो का?" निधी हसून म्हणाली. तिच्या हातात तेव्हा कुणीतरी आइस्क्रीमचा कप दिला होता.

बारा तारखेला निधी पश्चिम माम्बलमच्या एका गल्लीत एका इमारतीचे तीन मजले चढली. भित्तिपत्रक उतरवलं होतं. बाकीच्यांनी आपापले कागद नेले होते, आणि हरिप्रिया तापामुळे रविवारी आली नव्हती. तिचं बक्षीस, चोवीस रंगांची पेटी, हॉलमध्येच राहिलं होतं. फोन करून, विचारून, निधी ती घेऊन आली होती. तिला जरा कौतुक करून घ्यायचं होतं, हेही खरं.

दार उघडंच होतं. हरिप्रियाचे आईबाबा कामावरून यायचे होते. सरोजाबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"ये गं, बैस. हरी खालीं गेली आहे दूध आणायला. ताप काय, दोन दिवस. काल तर जिन्यावरून उड्या मारत होती." त्या उठल्या आणि तिनं नको म्हणायच्या आत पितळी वाटी-पेल्यात कॉफी घेऊन आल्या.

निधीनं खोली पाहिली. समोरच्या भिंतीवर फोटो होता. गोल चेहऱ्याचे, बंद गळ्याचा कोट घातलेले गृहस्थ, ओठ मिटलेले. खाली लाकडी फळीवर समई. चौकटीच्या डाव्या कडेखालून काहीतरी राखाडी, बोथट बाहेर आलेलं होतं. निधीनं पेला खाली ठेवला. ती अर्धी शेपटी होती.

फळीशेजारी एक बुटकं स्टूल होतं. कुणीतरी रोज बसावं असं, फोटोकडे तोंड करून. त्यावर आता वर्तमानपत्रांची चळत ठेवली होती.

घड्याळात सहा वाजले तशा सरोजाबाईंनी हात धुतले, समई लावली, डोळे मिटून हात जोडले. मग लगेच वळून परत शेंगांपाशी येऊन बसल्या. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

निधीला वाटलं, विचारू नये. आणि तिनं विचारलं, कारण गप्प राहायची सवय तिनं मोठ्या कष्टानं मोडली होती.

"आजी, तुम्ही... दिवा लावल्यावर आजोबांना सांगता ना सगळं? दिवसभरचं?"

कट्‌ करून शेंग मोडली. "सांगत होतें."

"मग आता?"

"आतां काय. तूं परकी म्हणून नव्हे हो. त्या दिवसापासून नाहीं."

"माझ्यामुळे." निधीचा आवाज बारीक झाला, थेट आठवीतल्यासारखा. "आजी, मला वाटलं, तुम्हाला खरंच वाटतं की... म्हणजे हरिप्रियाला कुणी हसू नये म्हणून मी..."

सरोजाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चौतीस वर्षें शाळेंत शिकवलें मी, बाळा, कण्णा. तिसरीला. पल्ली, सरडा, बेडूक, सगळें फळ्यावर चित्र काढून. मज ठाऊक नव्हतें काय? पल्ली ती पल्ली." त्यांनी एक शेंग उचलली, पाहिली, किडलेली म्हणून बाजूला टाकली. "हे जॉर्ज टाउनांत एका आगबोटीच्या ऑफिसांत होते. सगळा दिवस आकडेमोड. घरीं आले की मी बोलणार, हे हं म्हणणार. पंचेचाळीस वर्षें. मग ते गेले, आणि ही फोटोमागें येऊन राहिली. मी बोललें, ती हं म्हणाली. झालें. कोणाचें काय गेलें?"

"कुणाचंच नाही," निधी म्हणाली.

"ठाऊक असणें वेगळें गं. माइकावर, चारशें माणसांत, आपल्याच नातीनें वाचून दाखवणें वेगळें. आतां ती बोलली की पल्लीच ऐकूं येते."

निधीनं फोटोकडे पाहिलं. बोल, असं ती मनात म्हणाली. एकदा बोल, आत्ता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पालीनं चुकचुकावं असं वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर आपण काय म्हणणार होतो हेही तिनं ठरवून ठेवलं: आजी, हो म्हणाले बघा. अर्धी शेपटी हलली, चौकटीमागे गेली. आवाज काही आला नाही.

"कॉफी निवली," सरोजाबाई म्हणाल्या.

"निधी अक्काऽऽ!" जिन्यावरूनच हाक आली. हरिप्रियानं दुधाची पिशवी आजीच्या मांडीत टाकली, रंगांची पेटी उघडून चोवीसच्या चोवीस खडू मोजले, आणि दप्तरातून वही काढून निधीच्या हातात कोंबली. "मी अजून एक लिहिलं. तुम्ही सांगितलं पण नव्हतं, तरी लिहिलं. पण प्राणी नाही त्यात. चालतं का अक्का?"

"चालतं." निधीनं वही घेतली. हरिप्रियानं स्वतःच्या कंपासपेटीतून एक लाल पेन काढून तिच्या हातात दिलं, अगदी डॉक्टरांना थर्मामीटर द्यावा तसं.

मधोमध रेघ मारलेली होती, पट्टीनं.

'माझी आजी. तिचे नाव सरोजा सेतुमाधव आहे. तिची उंची चार फूट दहा इंच आहे.' समोर: 'स्वतः मोजली.' 'ती सकाळी साडेचारला उठते.' समोर: 'बाबा म्हणाले आणि मी एकदा उठून पाहिले.' 'तिला गोड चालत नाही पण ती खाते.' 'स्वतः पाहिले.' 'ती रोज संध्याकाळी सहा वाजता दिवा लावते. आधी ती दिवा लावून स्टुलावर बसायची आणि आजोबांच्या फोटोशी बोलायची. आता बोलत नाही. अकरा दिवस झाले.' 'स्वतः मोजले.' 'अकरा दिवसांत दिव्याच्या वेळी पाल सहा वेळा चुकचुकली. आजीने एकदाही उत्तर दिले नाही.' 'स्वतः ऐकले.'

'बोलली' लिहून खोडलं होतं, वर 'चुकचुकली' केलं होतं.

निधीनं पान पुन्हा वरून वाचायला घेतलं. हरिप्रिया तिच्या खांद्यावरून वाकून पेनाच्या टोकाकडे बघत होती.

"किती चुका, अक्का?"

"चुका नाहीत."

"एक पण नाही?"

"एक पण नाही."

"कशावरून?" म्हणून हरिप्रिया खदखदून हसली. तिच्या एखाद्या पानावर लाल रेघ नसण्याची ही पहिलीच वेळ होती. तिनं वही ओढून घेतली. "आजीऽऽ! सगळं बरोबर! थांब, वाचून दाखवते!"

"हरिप्रिया, ऐक, नको..." निधी उठली. पण सरोजाबाई शेंगा आणि दूध घेऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या, आणि पोरगी त्यांच्या मागे. आतून आवाज आला तो स्पष्ट, खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा. पूर्णविरामाला थांबत, दोन मोजत.

निधी खोलीच्या मधोमध उभी राहिली. उंची झाली. साडेचार झाले. गोडापाशी आतून भांड्याचा आवाज आला, बहुतेक आजी हसल्या. दिवा. स्टूल. फोटो.

"अकरा दिवसांत दिव्याच्या वेळी पाल सहा वेळा चुकचुकली." एक, दोन. "आजीने एकदाही उत्तर दिले नाही."

नळ सुरू झाला, बंद झाला.

"सहा नव्हे," सरोजाबाईंचा आवाज आला. "सात."

"सहाच आजी. मी रोज लिहून ठेवलंय."

"गुरुवारीं तूं खालीं खेळत होतीस. सात."

"कशावरून?"

निधीच्या हातातलं लाल पेन तसंच होतं. तिनं त्याचं टोपण काढलंच नव्हतं.

"मी ऐकली," सरोजाबाई म्हणाल्या. "लिही तिकडे. आजीनें ऐकली."